भोके, घड्या आणि सत्तर गुण : जुन्या कागदी नोटांच्या प्रतवारीचा आढावा

कागदी चलनाचा संग्रह हा नाणेसंग्रहाचाच एक विभाग मानला जात असला, तरी नाणे आणि नोट या दोन वस्तू वेगवेगळ्या रीतीने झिजतात. नाण्याच्या पृष्ठभागावरचा धातू वर्षानुवर्षे हळूहळू घासला जातो, तर नोटेला पहिली घडी एका क्षणात पडते आणि ती पुन्हा पूर्णपणे जात नाही. म्हणून जुनी नोट किती सुस्थितीत आहे हे ठरवण्याची पद्धत, म्हणजेच तिची प्रतवारी, हा या छंदातील सर्वांत नाजूक विषय ठरला आहे. गेल्या दोन दशकांत अमेरिकेत सिद्ध झालेली सत्तर गुणांची मोजपट्टी भारतीय नोटांनाही लावली जाऊ लागली. ती येथे कितपत बसते, कोठे ताणली जाते आणि तिच्याविषयी कोणती मते मांडली जातात, याचा विचार येथे केला आहे.

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर या प्रश्नाकडे पाहण्यासाठी एक उपयुक्त ठिकाण आहे. १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांची, त्यांत मराठी कुटुंबांचीही, वसाहत येथे वाढली. नोटांचे मोठे लिलाव मात्र मुंबई, बंगळूर, अहमदाबाद अशा दूरच्या शहरांत होतात. दुकानात जाऊन नोट उजेडासमोर धरून पाहणे ज्यांना सहज शक्य नाही, अशा शहरांतील संग्राहक छायाचित्र आणि वेष्टनावरील अंक यांवरच विसंबतो, आणि प्रतवारीच्या वादाची खरी झळ त्यालाच लागते.

पार्श्वभूमी

भारतातील आणि अमेरिकेतील सरकारी कागदी चलनाचा आरंभ योगायोगाने एकाच वर्षी झाला. १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारने हिरव्या पाठीच्या नोटा काढल्या, आणि त्याच वर्षी भारतात कागदी चलनाचा कायदा संमत झाला. कायद्याची मूळ योजना जेम्स विल्सन यांची होती, परंतु १८६० मध्ये त्यांचे निधन झाल्याने सॅम्युअल लेंग यांनी ती पुढे नेली. त्यापूर्वी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या इलाख्यांच्या बँका स्वतःच्या नोटा काढत असत. नव्या कायद्याने तो अधिकार सरकारकडे आला. राणी व्हिक्टोरियाचे लहान चित्र असलेल्या पहिल्या नोटांची नक्कल मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्याने १८६७ पासून त्या मागे घेऊन एकाच बाजूला छापलेल्या, हिरव्या पार्श्वछपाईच्या नोटा आणण्यात आल्या.

या नोटांचे एक वैशिष्ट्य संग्राहकांच्या दृष्टीने निर्णायक आहे. देशाची विभागणी चलनमंडलांत केलेली होती, म्हणजे नोट ज्या मंडलाच्या कार्यालयातून निघे त्याच मंडलात ती कायद्याने पूर्ण मूल्याची मानली जाई, आणि मंडलाचे नाव नोटेवर छापलेले असे. कलकत्ता, मुंबई, मद्रास ही मुख्य मंडले असली, तरी नागपूर आणि अकोला ही नावे असलेल्या नोटाही निघाल्या. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांतही १८६१ मध्येच अस्तित्वात आला, आणि आजचा दुर्ग–भिलाईचा परिसर त्याच प्रांतात होता. त्यामुळे नागपूर मंडलाची नोट ही विदर्भाइतकीच छत्तीसगडच्याही आर्थिक इतिहासाची खूण आहे. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नोटा टप्प्याटप्प्याने सर्व देशभर ग्राह्य करण्यात आल्या आणि मंडलाच्या नावाचे व्यावहारिक महत्त्व संपत गेले.

पुढचे टप्पे थोडक्यात असे. पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईत आल्याने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची, नोट निघाली. १९२३ मध्ये पंचम जॉर्जचे चित्र असलेली दहा रुपयांची नोट आली. १९२८ मध्ये नाशिकला नोटांची छपाई सुरू झाली आणि १९३२ पर्यंत सर्व मूल्यांच्या नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक स्थापन झाली, आणि तिची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये चलनात आली.

सरकारी नोटांच्या जोडीला दोन समांतर परंपरा मराठी संग्राहकाच्या विशेष जवळच्या आहेत. मराठवाड्यात चालणाऱ्या हैदराबाद संस्थानच्या उस्मानिया नोटांवर उर्दू, तेलुगू आणि कन्नड यांच्यासह मराठीतही मूल्य लिहिलेले असे. गोव्यात बांको नासिओनाल उल्त्रामारिनू या पोर्तुगीज बँकेच्या रुपिया व टंका या मूल्यांच्या, आणि १९५९ नंतर एस्कुदोच्या, नोटा चालत.

संग्रह कशाचा

संग्राहकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. काही जण मूल्यांनुसार संग्रह करतात, तर काही सह्यांनुसार; दुसरा मार्ग मराठी घरांत विशेष रुजलेला दिसतो आणि त्याचे कारण स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही असलेल्या नोटा १९४३ ते १९४९ या काळातल्या आहेत. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांची सही बँकेच्या नोटांवर नाही, परंतु त्याआधी वित्त सचिव म्हणून सरकारच्या एक रुपयाच्या नोटेवर ती आहे. बी. एन. आडारकर १९७० मध्ये सुमारे सहा आठवडे त्या पदावर होते, तरी महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही मिळते. एक रुपयाची नोट सरकार काढते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते, तर बाकीच्या नोटा बँकेच्या असतात, हा भेद अशा संग्रहातूनच अनेकांना प्रथम कळतो.

या साऱ्याला शिस्त आली ती सूचींमुळे. अमेरिकेत रॉबर्ट फ्रीडबर्ग यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील क्रमांक आजही प्रत्येक नोटेची ओळख म्हणून वापरले जातात, आणि जगभरच्या नोटांसाठी आल्बर्ट पिक यांचे क्रमांक रूढ झाले. भारतीय नोटांसाठी किशोर झुनझुनवाला आणि रिझवान रझाक यांचा सूचिग्रंथ हा आधार मानला जातो. त्याची सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. सूचीने प्रकार निश्चित होतो, दुर्मीळपणाचा अंदाज येतो. हातातील विशिष्ट प्रत कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र सूची सांगू शकत नाही.

मोजपट्टी कशी घडली

सुरुवातीला प्रतवारी शब्दांनी केली जात असे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय नोटसंग्राहक संस्थेने या शब्दांच्या व्याख्या ठरवून दिल्या : न वापरलेली, जवळजवळ न वापरलेली, अत्युत्तम, फार चांगली, चांगली असा हा उतरता क्रम खराब नोटेपर्यंत जातो. भारतीय बाजारात याच क्रमाच्या वरच्या टोकाला ‘कोरी’ आणि खालच्या टोकाला ‘फाटकी’ हे शब्द चालतात, आणि मधल्या पायऱ्यांसाठी इंग्रजी आद्याक्षरे वापरली जातात.

अंकांची पद्धत नोटांसाठी मुळात तयार झालेलीच नव्हती. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी एक ते सत्तर असा क्रम मांडला, आणि त्यामागची कल्पना अशी होती की सत्तर गुणांच्या नाण्याची किंमत एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. किमतीचे ते गणित लवकरच मोडले, अंक मात्र टिकले. फ्लोरिडातील पेपर मनी गॅरंटी या संस्थेने २००५ पासून हीच पट्टी नोटांना लावून त्या कायमच्या बंद केलेल्या पारदर्शक वेष्टनात देण्यास आरंभ केला. या पट्टीत साठ आणि त्यापुढचे अंक न वापरलेल्या नोटांचे असतात, पन्नास ते अठ्ठावन्न जवळजवळ कोऱ्या नोटांचे, आणि वीस ते पस्तीस हे बऱ्याच घड्या पडूनही दम राखून असलेल्या नोटांचे. कागदाचा मूळचा पोत शाबूत असल्यास त्याची वेगळी खूण अंकापुढे दिली जाते.

या व्यवस्थेचे बळ तिऱ्हाईतपणात आहे. विकणारा आणि विकत घेणारा या दोघांखेरीज तिसऱ्याने नोट पाहिलेली असते, तिचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत पडताळता येतो, आणि एका प्रकारच्या किती नोटा कोणत्या गुणांच्या आढळल्या हेही कळते. लिलावघरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ग्राहकासाठी ही सोय मोठी आहे, हे या पद्धतीचे टीकाकारही मान्य करतात.

भारतीय नोटेची अडचण

अमेरिकी पट्टी ज्या कागदासाठी वापरली जाऊ लागली, त्या कागदाला भारतातील काही सवयी ठाऊक नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात मोठ्या मूल्याची नोट टपालाने पाठवताना ती मधोमध कापण्याची रीत होती : एक अर्धा आधी पाठवायचा, तो पोचल्याची वर्दी आली की दुसरा, आणि घेणाऱ्याने दोन्ही अर्धे मागून कागदाची पट्टी लावून जोडायचे. आजच्या पट्टीनुसार ही नोट फाटलेली आणि दुरुस्त केलेली ठरते, म्हणून तिला कमी गुण मिळतात. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र टपालावर आणि लुटारूंच्या भीतीवर विसंबून असलेल्या एका अर्थव्यवस्थेचा तो प्रत्यक्ष पुरावा असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मोजपट्टीत त्यांपैकी एकीलाच जागा आहे.

दुसरी आणि अधिक व्यापक सवय स्टेपलची. शंभर नोटांची गड्डी जाड तारेच्या पिनेने डाव्या बाजूला, बहुधा जलचिन्हाच्या मोकळ्या जागेत, टोचून बांधण्याची पद्धत बँकांत दीर्घकाळ चालली. पिन उपसताना कागद फाटे, पावसाळ्यात तिचा गंज कागदात उतरे, आणि त्याच रिकाम्या जागेत रोखपाल मोजणीचे आकडे शाईने लिहीत. रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोटांच्या धोरणाखाली नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना स्टेपल थांबवून कागदी पट्टीने गड्ड्या बांधण्याचा आदेश दिला. त्याआधीच्या पुष्कळ नोटा मात्र कोणीही कधी न वापरताही भोके घेऊनच लोकांच्या हाती आल्या. अशी नोट कोरी म्हणायची की नाही?

या प्रश्नावर तीन भूमिका दिसतात. पहिली कडक आहे : भोक म्हणजे कागदाचा नाश, तो कोणी केला याला महत्त्व नाही, आणि भोक नसलेली प्रत अस्तित्वात असेल तर तिलाच वरचे स्थान मिळाले पाहिजे. दुसरी भूमिका उगमाकडे पाहते : नोट चलनात येतानाच जे होते ते तिच्या जन्माचा भाग आहे, जसा छपाईच्या कडेचा थोडा तिरका काप असतो, म्हणून ते दोषांत धरू नये. पेपर मनी गॅरंटीने या दोहोंमधला मार्ग पत्करलेला दिसतो. वेष्टनावरच्या चिठ्ठीवर ‘चलनात येतानाची स्टेपलची भोके’ अशा अर्थाची नोंद करून वरचे गुण दिले जातात. तिसरी भूमिका प्रामुख्याने जुन्या भारतीय संग्राहकांची आहे : भोकांची संख्या, जागा आणि भोवतीचा गंज यांनुसार वेगळी, स्थानिक पट्टी हवी, कारण एकदाच टोचलेली नोट आणि पाच वेळा बांधून सोडलेली नोट यांत फरक आहे, आणि दुसरी कोषागारातून बाहेर पडून परत आल्याचे तिची भोके सांगतात. तिसऱ्या भूमिकेतील निरीक्षण सर्वांत सूक्ष्म आहे. तिच्यात उणीव एवढीच की त्या पट्टीच्या व्याख्या अजून कोणी लेखी, सर्वमान्य स्वरूपात मांडलेल्या नाहीत.

धुणे, दाबणे आणि मूळपण

दुसरा मोठा वाद सुधारलेल्या नोटांचा आहे. नोट पाण्यात धुऊन, दाबाखाली वाळवून किंवा इस्त्री करून घड्या पुसट करता येतात, आणि रसायनाने डागही उजळता येतात. खोल कोरलेल्या पट्ट्यांनी केलेल्या छपाईत शाई कागदावर किंचित उभी राहते आणि बोटाला जाणवते. दाबलेल्या नोटेत हा उठाव सपाट होतो, कागदातील खळ निघून जाते आणि करकरीतपणा हरवतो. जाणकार प्रकाश तिरपा धरून दबलेल्या घडीची रेषा पाहतात, तर अतिनील दिव्याखाली विरंजन केलेला कागद वेगळा चमकतो.

शुद्धतावादी मत असे की अशी प्रत्येक कृती फसवणुकीकडे नेते, कारण ती नोटेची खरी अवस्था झाकते. जतनाच्या क्षेत्रातील अभ्यासक यावर अधिक सावध असतात : संग्रहालयात कागदातील आम्ल काढणे किंवा फाटलेल्या भागाला जपानी तंतूंच्या कागदाचा आधार देणे हे कर्तव्यच मानले जाते, आणि कृती उलटवता येण्याजोगी असावी व तिची नोंद ठेवलेली असावी, एवढ्याच अटी असतात. बाजार आणि संग्रहालय यांच्या या दोन नीती परस्परांशी जुळत नाहीत. भिलाई–रायपूरच्या पट्ट्यात मे महिन्याचा रखरखाट आणि त्यामागून येणारी पावसाळ्याची दमट हवा कागदाला आलटून पालटून आकसवते आणि फुगवते, त्यातच स्वस्त प्लास्टिकच्या अल्बमांमधील मऊ करणारी रसायने नोटेला चिकटतात. तेव्हा काहीच न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचेही परिणाम असतात. पॉलिएस्टरच्या निष्क्रिय पिशव्या आणि कोरडी, अंधारी जागा यांवर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

समुद्रातून निघालेल्या नोटा हे या वादाचे टोक आहे. लंडनहून मुंबईकडे निघालेले शिराला हे जहाज २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यातील पाच व दहा रुपयांच्या सह्या नसलेल्या नोटा किनाऱ्याला लागल्या, आणि दहा रुपयांच्या दोन नोटा २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या. १९२२ मध्ये बुडालेल्या ईजिप्त या जहाजातून हैदराबादच्या सही नसलेल्या नोटा पुढे दहा वर्षांनी वर काढण्यात आल्या. अशा नोटेवरचा समुद्राचा डाग घालवला, तर तिच्या ओळखीचाच एक पुरावा नाहीसा होतो. येथे प्रतवारी मागे पडते आणि नोट कोणाकोणाच्या हातून आली त्याची साखळी, म्हणजे तिचा पूर्वेतिहास, पुढे येतो.

दुर्मीळपणा की अवस्था

गुणांना आलेल्या महत्त्वामुळे किमतीचा तोल बदलला आहे. सामान्य नोट सदुसष्ट गुणांची म्हणून दुर्मीळ मंडलाच्या वीस गुणांच्या नोटेशी स्पर्धा करू लागते, तेव्हा काही अभ्यासकांना ते इतिहासाचे अवमूल्यन वाटते, तर इतरांना ती ग्राहकांच्या पसंतीची साधी बाब वाटते. अमेरिकेत खऱ्या दुर्मीळ नोटांपुढे गुण दुय्यम ठरल्याची उदाहरणे आहेत. पाठीवरच्या शून्यांच्या आकारामुळे ‘मोठे कलिंगड’ म्हटली जाणारी १८९० ची हजार डॉलरची नोट २०१४ मध्ये ३२ लाख ९० हजार डॉलरला विकली गेली, ती मुख्यतः तशा प्रती फारच थोड्या उरल्या आहेत म्हणून. संस्थांच्या नोंदींतील संख्यांवरही आक्षेप आहे : वेष्टन फोडून तीच नोट जास्त गुणांच्या आशेने पुन्हा पाठवली गेली की ती दोनदा मोजली जाते. शिवाय मानवी डोळ्याने दिलेला गुण दुसऱ्या दिवशी एखाद्या अंकाने बदलू शकतो, आणि चौसष्ट व पासष्ट यांतील एका अंकाचा किमतीवरील परिणाम त्या बदलाच्या मानाने फार मोठा असतो.

एक मूलभूत भेदही येथे ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकी सरकारने १८६१ पासून काढलेल्या नोटांना आजही दर्शनी मूल्य आहे, त्यामुळे त्या घराघरांत राहिल्या. भारतात १९४६, १९७८ आणि २०१६ मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्या आणि बहुसंख्य प्रती परत जाऊन नष्ट झाल्या. १९३८ च्या दहा हजारांच्या नोटेचा दुर्मीळपणा वापरामुळे नव्हे, तर आदेशामुळे निर्माण झाला आहे.

कायद्याचे अनुत्तरित प्रश्न

२०१७ च्या कायद्यानुसार रद्द झालेल्या पाचशे व हजारच्या दहापेक्षा अधिक नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रह यांसाठी ही मर्यादा पंचवीस आहे. सह्या, वर्षे आणि अनुक्रमांकापुढची अक्षरे यांनुसार पूर्ण संग्रह करू पाहणाऱ्याला पंचवीस पुरत नाहीत, आणि कोणत्या पंचवीस ठेवायच्या हे त्यालाच ठरवावे लागते.

अधिक गुंतागुंतीचा प्रश्न परदेशी प्रतवारीशीच जोडलेला आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्या व्याख्येत नाण्याचे नाव आहे, कागदी नोटेचे नाही, परंतु ‘ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू’ या शब्दांत ती सहज बसू शकते. शिवाय ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखितांसाठी, नोंदींसाठी आणि इतर दस्तऐवजांसाठी मर्यादा पंचाहत्तर वर्षांचीच आहे, आणि नोट हा दस्तऐवज आहे की वस्तू यावर ती किती जुनी असली म्हणजे बंधन येते ते अवलंबून राहते. वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते, म्हणून सावध संग्राहक नोट बाहेर पाठवण्याआधी त्याचा विचार करतो. पंचाहत्तर वर्षांचा अर्थ लावला तर चिंतामणरावांच्या सहीच्या नोटा आताच त्या रेषेपलीकडे गेल्या आहेत; शंभर वर्षांचा लावला तर १९२३ ची दहाची नोट गेली आहे, आणि नाशिकला छापलेल्या पहिल्या नोटा २०२८ मध्ये जातील.